मैफलीतला पुकारा

एकतीस वर्षे मी इतरांनी लिहिलेली पुस्तके कपाटांत लावली. त्यांच्या पाठीवर क्रमांक चिकटवले, फाटलेली शिवून घेतली, परत न करणाऱ्यांना नम्र स्मरणपत्रे पाठवली. आपलेही काही छापून यावे असा विचार त्या काळात मनाला शिवला नाही, आणि शिवला असता तर मी त्याला दारातच थांबवले असते. म्हणून या अंकाची पाने अडवल्याबद्दल वाचकांची क्षमा मागूनच सुरुवात करते. संपादकांनी दोनदा निरोप पाठवला. तिसऱ्यांदा ते स्वतः आले आणि चहा संपला तरी उठेनात. नकार देण्याची कला मला कधी साधली नाही. ज्या कामाविषयी लिहायचे आहे, तेही मी याच दोषामुळे पत्करले.

काम मागण्याचे आहे. मोताळ्यात आमची एक लहानशी समिती आहे. मळणीयंत्रात हात गमावलेल्या माणसांसाठी कृत्रिम हात तयार करावेत, ते बसवून द्यावेत आणि वापरायला शिकवावे, हा तिचा उद्देश. त्यासाठी मदतमैफली भरवणे आणि व्यापारी मंडळींकडून देणग्या मिळवणे ही जबाबदारी, महाविद्यालयाच्या ग्रंथालयातून मी निवृत्त झाल्यावर, माझ्याकडे आली. माझी थोरली बहीण हे ऐकून बराच वेळ हसत होती. भाजीवाल्याकडून उरलेले दोन रुपये परत मागायला जिची जीभ उचलत नाही, ती शेठलोकांकडून देणग्या आणणार, हे तिला पटेना. मलाही पटत नव्हते.

मदतमैफल म्हणजे गाणे, असे बाहेरून पाहणाऱ्याला वाटते. गाणे हा त्यातला सर्वांत सोपा भाग. त्याआधी सभागृह, मांडव, ध्वनिक्षेपक, गायकाचे मानधन, प्रवेशिकांची विक्री, स्मरणिकेतल्या जाहिराती आणि सत्कारांचा क्रम ही सगळी दिव्ये पार पाडावी लागतात. पहिल्या दिवशी मी सकाळी साडेनऊलाच एका कापड दुकानात शिरले. मालकांनी हात जोडून सांगितले की अजून बोहनी व्हायची आहे. दिवसाची पहिली विक्री होण्यापूर्वी दुकानातून पैसा बाहेर जात नाही, ही साधी गोष्ट मला ठाऊक होती. पण घाबरलेल्या माणसाला ठाऊक असलेलेही आठवत नाही. मी ओशाळून बाहेर पडले, पायरीवर थांबले, परत आत गेले आणि एक रुमाल विकत घेतला. बोहनी झाली. मालक इतके हसले की त्यांनी देणगी दिलीच, वर शेजारच्या दुकानदाराला हाक मारून ही गोष्ट सांगितली. पुढे काही महिने माझ्याकडे रुमालांचा मोठा साठा होता.

चहाच्या मापावरूनही मला हळूहळू बरेच कळू लागले. शेठने अर्धा कप मागवला की ते काहीतरी देणार आणि लवकर मोकळे होणार. पूर्ण पेला, सोबत बिस्किटे आणि घरच्यांची चौकशी असा थाट झाला, की समजावे, आज सन्मानाने रिकाम्या हाती परतायचे आहे. एका डॉक्टरांनी मात्र चहा न देताच भरघोस देणगी कबूल केली; अट एवढीच की मैफलीत दोन गाणी ते स्वतः म्हणतील. मी एका गाण्यावर तडजोड केली. ते त्यांनी तीन वेळा म्हटले. सत्काराच्या शालींविषयी एकच सांगते. आमच्या तालुक्यात ठरावीक शाली फिरत असतात. एकदा माझ्याच खांद्यावर आलेल्या शालीच्या आत माझ्याच अक्षरातली चिठ्ठी टाचलेली निघाली.

पण सांगायची आहे ती वच्छलाबाईंची गोष्ट.

आमच्याकडे मळणीयंत्राला हडंबा म्हणतात. सोयाबीनची सोंगणी, म्हणजे कापणी, झाली की शेतात पेंढ्यांची सुडी रचतात आणि ट्रॅक्टरला जोडलेला हडंबा भाड्याने येतो. भाडे तासावर, पुढचा शेतकरी खोळंबलेला आणि आभाळ भरून आलेले, अशी घाई असते. यंत्राच्या तोंडात पेंढ्या सरकवाव्या लागतात. ओलसर पेंढी अडकते, आणि ती हाताने आत ढकलण्याचा मोह होतो. आत दात फिरत असतात. बाही, बांगडी, रुमालाचे टोक, काहीही त्यांना पुरते. वच्छलाबाई मोताळ्याजवळच्या एका खेड्यातल्या शेतमजूर. त्यांचा उजवा हात कोपराच्या खाली असा गेला.

एका शिबिरात त्यांना हात मिळाला होता. मी त्यांच्या घरी गेले तेव्हा त्यांनी तो पेटीतून, जुन्या लुगड्यात गुंडाळलेला, काढून दाखवला. रबराचा, गोऱ्यापान रंगाचा, नखेसुद्धा रंगवलेली.

"ह्यो हात पाव्हन्यासारखा हाय बाई," त्या म्हणाल्या. "घरात बसते, काम करत नाई. मले शोभा नोको. इळा धरीन असा हात द्या."

ही मागणी मी नारायणरावांना सांगितली. नारायणराव मूळचे सुलतानपूरचे. दूरच्या शहरात कृत्रिम अवयवांच्या कार्यशाळेत त्यांची वीस वर्षे गेली होती आणि त्यांना गावाकडे परत यायचे होते. त्यांच्या मते विळा धरणारी पकड बनवणे अवघड नव्हते. शोभेच्या हाताला पाच बोटे लागतात, कामाच्या हाताला एक चांगली पकड पुरते, असे ते म्हणत. त्यांनी वच्छलाबाईंच्या उरलेल्या हाताचा प्लास्टरचा साचाही घेतला. समितीला केंद्रासाठी एका धर्मशाळेच्या मागच्या दोन खोल्या वापरायला मिळाल्या होत्या. तिथल्या खुंटीवर तो टांगला. त्यावर नावाची चिठ्ठी मी चिकटवली. ते काम तरी माझ्या सवयीचे होते.

मात्र पुढे जायला प्लास्टिकचे पत्रे तापवायची भट्टी हवी होती, आणि नारायणरावांना निदान दोन वर्षांच्या पगाराची हमी. त्यांना दुसऱ्या राज्यातून बोलावणे आले होते. गुढीपाडव्यापर्यंत वाट पाहतो, नंतर मात्र तिकडे पाच वर्षांचा करार करतो, असे त्यांनी अतिशय सौजन्याने सांगितले. तेव्हा मार्गशीर्ष सुरू होता. वच्छलाबाईंचा हात व्हायचा तर चार महिन्यांत व्हायचा होता, नाहीतर तो साचा खुंटीवरच राहणार होता.

मी बुलढाण्याला मैफल ठरवली. पुण्याचे नावाजलेले शास्त्रीय गायक आले. त्यांच्यासमोर आपल्या जिल्ह्याची शोभा होऊ नये, या एकाच चिंतेने मला पछाडले होते. गायनाच्या वेळी बोलू नये, उठू नये, मंचाकडे जाऊ नये, असे मी प्रवेशिकेवरच छापून घेतले. मध्ये कोणतीही घोषणा नाही, कुणाचे नाव नाही. देणगीदारांची यादी स्मरणिकेच्या शेवटच्या पानावर, अकारविल्हे. मोठा, छोटा असा भेद नको, म्हणून मला ती पद्धत फार न्याय्य वाटली होती. परिणामी एका तेलगिरणीचे मालक एका चहावाल्याच्या खाली गेले आणि चहावाल्यालाच त्याचा सर्वाधिक संकोच झाला.

गायकांनी एक सुरेख जागा घेतली तेव्हा हे तेलगिरणीचे मालक भारावून, खिशात हात घालून उठले. मी बाजूच्या वाटेवर उभी होते. माझे बोट आपोआप ओठांवर गेले. एकतीस वर्षांची सवय होती ती. ते बसले. मध्यंतरानंतर पुढच्या कोचांवर कुणीच नव्हते. मागे काही दुकानांचे मुनीम आणि वाहनचालक बसले होते, कारण शेठलोकांनी प्रवेशिका घेऊन त्यांना पाठवले होते. गायकांनी अप्रतिम भैरवी गायली आणि ती पुस्तकांच्या खोलीत गावी तशी विरून गेली. खर्च तेवढा भागला. भट्टीसाठी काही उरले नाही.

बाहेर पडताना वच्छलाबाई भेटल्या. त्या शेवटच्या रांगेत बसून शेवटपर्यंत ऐकत होत्या.

"गानं लय गोड होतं," त्या म्हणाल्या. "पन बाई, हे कायच्यासाठी होतं, ते लोकायले कोनी सांगतलं काऊन नाई?"

स्मरणिकेच्या दुसऱ्या पानावर मी त्याविषयी सविस्तर लेख लिहिला होता. वच्छलाबाईंना वाचता येत नाही, आणि ज्यांना येते त्यांनी स्मरणिकेचा पंखा केला होता.

दुसऱ्या दिवशी हमीदभाई सामान न्यायला आले. मांडव आणि ध्वनिक्षेपक पुरवण्याचा त्यांचा वडिलोपार्जित धंदा आहे. लग्न असो, उरूस असो वा सप्ताह, या पंचक्रोशीतला त्यांनी न ऐकलेला कार्यक्रम नसेल. ते वायर गुंडाळत होते आणि मी शेजारी उभी राहून आभार कसे मानावेत याचा विचार करत होते.

"मॅडम, बुरा मानू नोका," ते म्हणाले, "पन काल मैफल होती का शोकसभा, तेच मले समजलं नाई."

मग त्यांनी मला पुकाऱ्याविषयी समजावले. आमच्याकडे लग्नात आहेर पुकारतात. कोणत्या गावच्या कोणी काय दिले, हे भोंग्यावरून साऱ्या मांडवाला कळते. भजनात, कव्वालीतही ऐकणारा उठतो, पेटीवर नोट ठेवतो आणि त्याचे नाव पुकारले जाते. हे सगळे मी लहानपणापासून पाहिले होते आणि शिकलेल्या माणसाने त्यापासून दूर राहावे अशा समजुतीने वाढले होते. दान गुप्त असावे, असे मी त्यांना सांगितले. सांगताना माझा आवाज थोडा चढला असावा.

"गुप्त देनाऱ्यायनं देल्लं असतं, तर तुमाले दारोदार काऊन फिरावं लागलं असतं?" ते शांतपणे म्हणाले. "अन् पुकारा पैशाचा नसते, मॅडम. मानसाचा असते. नाव पुकारलं का मानूस उभा राह्यते. त्याले पाहून दुसरा उभा राह्यते."

पुढची मैफल माघात मोताळ्यातच, आठवडी बाजाराच्या दिवशी, बाजाराला लागून असलेल्या मोकळ्या जागेत दुपारी घ्यायचे ठरले. मांडव आणि भोंगे हमीदभाईंचे. गायला साखरखेर्ड्याच्या शाळेतल्या संगीत शिक्षिका मंदाताई आणि त्यांचे भजनी मंडळ. मानधनाचा विषय काढताच मंदाताईंनी मला रागावून गप्प केले. प्रवेशिका नव्हतीच. राहिले होते ते मदनशेठ.

मदनशेठ यांचे बियाण्यांचे आणि शेतीयंत्रांचे मोठे दुकान आहे. दानशूरपणात त्यांच्याशी बरोबरी करील असा मनुष्य तालुक्यात नाही. बसथांब्यावरचे बाक, शाळेची कमान, पाणपोई, स्मशानातली शेड, सर्वांवर त्यांच्या वडिलांचे नाव आहे. आमच्या गावात माणूस कुठेही टेकला तरी तो बापूजींच्या स्मरणार्थ टेकतो, असे लोक गमतीने म्हणतात. अशा माणसाने आमच्या केंद्राला एक खुर्चीही दिली नव्हती. मी त्यांच्याकडे चार वेळा गेले आणि चारही वेळा मला पूर्ण पेला चहा मिळाला.

पाचव्यांदा गेले तेव्हा दुकानात गर्दी नव्हती. मी मांडीवर पिशवी धरून बसले होते. त्यांनी चहा मागवला नाही.

"मॅडम, पाणपोई सांगा, वर्ग बांधायचा सांगा," ते हळू आवाजात म्हणाले. "हाताचं सांगू नका. हडंबे मी विकतो. मी देणगी दिली, की लोक म्हणतील, शेठनं चूक कबूल केली. त्या बाईसमोर मी कोणत्या तोंडानं बसू?"

इतक्या फेऱ्यांत त्यांच्या नकारामागे कंजूषपणा असेल असे मला वाटले नव्हते. पण भीती असेल असेही वाटले नव्हते. भीती मी ओळखते. मी त्यांना एवढेच म्हणाले की काही देऊ नका, येऊन बसा मात्र. त्यांनी बराच वेळ काउंटरवरचे वजन इकडून तिकडे केले. येतो म्हणाले, पण त्यांचे नाव पुकारायचे नाही, ही अट घातली. मी शब्द दिला आणि हमीदभाईंनाही तो पाळायला सांगितले.

मैफलीच्या दिवशी बाजार नेहमीपेक्षा जोरात होता. मिरच्यांच्या ढिगाशेजारीच मांडव होता. मंदाताईंना पहिल्या अभंगात दोनदा ठसका लागला. लोक हातात पिशव्या घेऊन येत, थोडे ऐकत, जात. मदनशेठ ठरल्याप्रमाणे आले आणि पुढच्या कोचाच्या अगदी कडेला बसले. हमीदभाईंनी भोंग्यावरून हे कशासाठी आहे ते दोन वाक्यांत सांगितले. माझ्या लेखाला चार पाने लागली होती. कुणी उठले नाही. तिसरा अभंग झाला, चौथा सुरू झाला. मी मांडवाच्या खांबाला धरून उभी होते आणि मनाशी नारायणरावांना लिहायच्या निरोपाच्या पत्राचा मजकूर जुळवत होते.

तेवढ्यात वच्छलाबाई उठल्या. त्यांनी डाव्या हाताने पदराची गाठ दातांत धरून सोडली, पेटीपाशी गेल्या आणि घड्या पडलेल्या काही नोटा ठेवल्या. हमीदभाईंच्या कानाशी लागून काहीतरी बोलल्या. हमीदभाईंनी ध्वनिक्षेपक तोंडाशी धरला. मंदाताईंनी गाणे थांबवले आणि पेटीवर नुसता सूर धरून ठेवला. पुकारा होईपर्यंत सूर तुटू द्यायचा नाही, ढोलकीने हलका ठेका चालू ठेवायचा, हे त्या मंडळात सर्वांना ठाऊक होते. ठाऊक नव्हते ते मला. गाणे थांबवावे लागले म्हणून मंदाताईंना राग येईल, अशी मी धास्ती घेतली होती.

"वच्छलाबाई," हमीदभाईंनी पुकारले, "यांच्याकडून एका दिवसाची मजुरी. डाव्या हातानं कमावलेली."

बाजारातल्या आवाजाची एक लाट खाली बसल्यासारखी झाली. मग पोती उचलणारा एक हमाल पुढे आला आणि म्हणाला, माझाबी एक दिवस. एक न्हावी आला. वांगी विकणाऱ्या दोघी जणी, एकीने दुसरीला आपल्या ढिगाजवळ बसवून, पाळीपाळीने आल्या. ज्याच्या त्याच्या एका दिवसाची कमाई, असे माप कुणी न ठरवताच ठरले आणि त्या मापाने हमालही मोठा झाला आणि शिक्षकही. दर पुकाऱ्याला मंदाताई सूर धरत आणि नंतर जिथे सोडले तिथूनच ओळ उचलत. गाणारे डॉक्टरही आले. दिवस दिला आणि गाण्याचा आग्रह धरला नाही, हे त्यांचे दुहेरी दान मी विसरणार नाही. कोणीतरी माझ्या हाताला धरून पुढे नेले. निवृत्त ग्रंथपाल मॅडमकडून पेन्शनचा एक दिवस, असे माझे नाव भोंग्यातून साऱ्या बाजारावर गेले. मागून कुणी तरी विद्यार्थी असावा, तो म्हणाला की मॅडमच्या समोर एवढा मोठा आवाज पहिल्यांदाच झाला. लाजेने माझे पाणी पाणी झाले आणि तरीही, खरे सांगते, बरे वाटले.

मदनशेठ मान खाली घालून बसले होते. हमीदभाईंनी शब्द पाळला होता. पण शब्द मी आणि त्यांनी दिला होता, बाजाराने नव्हे.

"शेठ," तो पहिला हमाल गर्दीतून म्हणाला, "तुमचा दिवस कोनता हो? आमचे सारे दिवस तं सारखेच."

मांडवभर हशा पिकला. शेठचा चेहरा उतरला. मी ध्वनिक्षेपकाकडे धावले. सर्वांना शांत करायचे, क्षमा मागायची, पुढचे गाणे सुरू करवायचे, एवढेच माझ्या डोक्यात होते. पण माझ्याआधी वच्छलाबाई शेठच्या कोचासमोर जाऊन उभ्या राहिल्या होत्या. मी वाटेतच थांबले. गेल्या मैफलीतल्या त्या उठलेल्या माणसाला मी बसवले होते, ते मला आठवले.

"शेठजी," त्या म्हणाल्या, आणि हमीदभाईंनी, विचार न करता की करून, ध्वनिक्षेपक त्यांच्याकडे वळवला, "मशीन भाड्याची होती. कोन्या दुकानची होती ते म्या पायलं नाई, अन् पाहाचंबी नाई. तुमाले दोष द्याले नाई आली म्या. इळा धराले हात पायजे, बस."

शेठ उठले. इतक्या कार्यक्रमांत मी त्यांना उठताना पाहिले आहे. दर वेळी ते सत्कारासाठी उठत. या वेळी ते वच्छलाबाईंच्या समोर हात जोडून क्षणभर उभे राहिले आणि मग हमीदभाईंकडे गेले.

"दसरा लिहा," ते म्हणाले. "झाला तो दसरा. सकाळी दुकान उघडलं तेव्हापासून वाढवलं तोपर्यंत."

हे ऐकून लोक एकमेकांकडे पाहू लागले, कारण दसऱ्याला मदनशेठच्या दुकानासमोर काय गर्दी असते ते सर्वांनी पाहिले होते. यंत्र घ्यायचे ते दसऱ्याच्या मुहूर्तावर, ही आमच्याकडची रीत. पंधरवड्याचा धंदा त्या एका दिवसात होतो. हमीदभाईंनी माझ्याकडे पाहिले. शब्द दिला होता ना. शेठच्या ते लक्षात आले.

"पुकारा, हमीदभाई. माझं नाव नको. बापूजींचंही खूप झालं. एका दुकानदाराचा दसरा म्हणा."

"एका दुकानदाराकडून," हमीदभाईंनी पुकारले, "एक दसरा."

टाळ्या कुठपर्यंत गेल्या ते मला सांगता येणार नाही; पण पलीकडच्या रस्त्यावर एक बस थांबली आणि चालकाने खिडकीतून आपलाही दिवस लिहायला सांगितला. मंदाताईंनी यानंतर जो अभंग उचलला तो एक पट्टी वर होता.

नारायणरावांना निरोपाचे पत्र लिहावे लागले नाही. पाडव्याला धर्मशाळेच्या मागच्या खोलीत भट्टी पेटली. वच्छलाबाईंचा हात तयार झाला तो काळा, दणकट, टोकाला स्क्रूने आवळायची पकड असलेला; रंगवलेली नखे नसलेला. बसवल्यावर नारायणराव त्यांना आधी काठी, मग पेला धरायला लावणार होते. शिकवण्याचा तसा क्रम असतो. वच्छलाबाईंनी घरून विळा आणला होता. तो पकडीत आवळून त्या खोलीमागच्या आवारात गेल्या आणि तिथे वाढलेले गवत कापू लागल्या. आम्ही दारात उभे होतो. त्यांनी एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सारे आवार कापून काढले, आणि थांबा असे कोणीही म्हटले नाही.

त्या पावसाळ्यात मदनशेठनी एका लोहाराला दुकानामागे बसवले आणि पुढच्या दसऱ्याला त्यांच्याकडून गेलेल्या प्रत्येक हडंब्याच्या तोंडावर हाताच्या लांबीएवढे लोखंडी नळकांडे बसवलेले होते. पेंढी आत जाते, हात दातांपर्यंत पोचत नाही. जुन्या गिऱ्हाइकांनाही ते फुकट बसवून देतात. त्यांच्या दुकानच्या यंत्राने त्यानंतर कुणाचा हात घेतल्याचे माझ्या कानावर आलेले नाही, आणि मी कान उघडे ठेवून असते. केंद्राच्या दारात त्यांनी एक बाक दिला. गावातला तो एकमेव बाक ज्यावर कोणाचेच नाव नाही. साऱ्या तालुक्यात त्याला मदनशेठचा बाक म्हणतात.

एक खंत मात्र आहे. पुकाऱ्याच्या त्या दुपारी एक शिंपी उठता उठता परत बसला आणि थोड्या वेळाने मांडवातून निघून गेला, हे मी पाहिले होते. त्या आठवड्यात त्याच्याकडे शिलाईच आली नव्हती. द्यायला त्याच्याजवळ दिवस नव्हता. नाव पुकारल्याने माणूस उभा राहतो, हे हमीदभाईंचे म्हणणे खरे. पण ज्याला उभे राहता येत नाही त्याला तो भोंगा कसा ऐकू येत असेल, याचा विचार मी आधी केला नव्हता. मी त्याच्या घरी गेले. काय बोलावे ते न सुचून एक ब्लाउज शिवायला टाकला, बोहनीच्या रुमालासारखा. पुढच्या वर्षी तो आपणहून आला आणि त्याने येणारा दिवस लिहायला सांगितला. अजून न झालेला, दिवाळीआधीचा, ज्या दिवशी त्याला मान वर करायला फुरसत नसते. तेव्हापासून आम्ही पुढचे दिवसही पुकारतो. ते सगळे वेळेवर येतात.

माघातल्या मैफलीची तयारी आता सुरू झाली आहे. पुण्याच्या त्या गायकांना मी लाजत लाजत पत्र लिहिले होते. या वेळी ते बाजारात, मिरच्यांच्या शेजारी बसून गाणार आहेत. खुंटीवर सध्या चार साचे टांगलेले आहेत, चौघांच्या नावांच्या चिठ्ठ्यांसह. पुकाऱ्याची यादी मी करायला घेतली आहे. ती अकारविल्हे नाही. जो उठेल त्या क्रमाने आहे. पहिले नाव, दर वर्षीप्रमाणे, वच्छलाबाईंचे असून त्यापुढे सोंगणीचा एक दिवस लिहिलेला आहे. हे वाचणाऱ्यासाठी मी खालची एक ओळ मोकळी ठेवली आहे. तुमच्या नावापुढे कोणता दिवस लिहू?